लांबलेल्या पाळीची मीमांसा



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याने संत, राष्ट्रपुरुष, इतिहास किंवा वाङ्मय यांच्याकडे वळावे असा आपल्याकडील शिरस्ता आहे, आणि तो मोडण्याची मला हौस नाही. परंतु ज्या विषयाने वैद्यकीय व्यवसायातील माझ्या आयुष्याचा फार मोठा भाग व्यापला, ज्याविषयी माझ्यासमोर बसलेली बाई बहुधा आवाज खाली करूनच बोलली, आणि ज्याच्या अज्ञानापायी होणारे नुकसान मी जवळून पाहत आले, तो विषय बाजूला सारून दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित विषयावर बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले असते. स्त्रीची मासिक पाळी लांबते, चुकते, कित्येक महिने येतच नाही, किंवा तिचे रूप पालटते, तेव्हा शरीरात नेमके काय घडत असते, त्यातले काळजीचे कोणते आणि निर्धास्त राहण्याचे कोणते, एवढ्याचाच विचार मी आज करणार आहे. भंडाऱ्याच्या या व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय मान्य केला आणि सभेला पुरुषांनाही आवर्जून बोलाविले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात हा विषय प्रथमच येतो आहे असे नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यात आले, त्या सुमारास पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत मुलीच्या प्रथम ऋतुप्राप्तीची चर्चा जितक्या उघडपणे झाली तितकी पुढे क्वचितच झाली असेल. ऋतुप्राप्तीनंतरचा गर्भाधानसंस्कार हा धर्माचा विषय असून परक्या सरकारने त्यात हात घालू नये, ही बाजू ‘केसरी’ने लढविली, ‘सुधारका’तून आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. वाद विद्वत्तेचा झाला आणि कडवटही झाला. परंतु ज्या मुलीच्या शरीरावरून तो चालला होता तिला त्या शरीराची ओळख करून द्यावी, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच राहिला. ते काम मराठीत निर्धाराने अंगावर घेतले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते पदरमोड करून चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. त्यांतील १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ज्या बाबासाहेबांनी पुढे १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्यांनी शरीरज्ञानाच्या या लढ्यात कर्व्यांच्या शेजारी उभे राहावे, ही गोष्ट भंडारेकरांनी अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे.

आपल्या घरांतून पाळीविषयी जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तिच्यात एक विलक्षण विसंगती आहे. बाई बाहेरची झाली, की ती दूर बसते, चुलीपाशी जात नाही, देवाला शिवत नाही. म्हणजे तिची पाळी आल्याची वर्दी घराला, शेजाऱ्यांना, पाहुण्यारावळ्यांनाही मिळते. आल्याची वर्दी अशी चव्हाट्यावर गेली, की न आल्याची वर्दीही आपोआप चव्हाट्यावर जाते. सुनेची पाळी चुकली तर घर पेढ्यांची वाट पाहू लागते, आणि अविवाहित मुलीची चुकली तर त्याच घरात संशयाचे सावट पसरते. सर्वांना सर्व ठाऊक, आणि तरीही ती मागची पाळी कोणत्या दिवशी सुरू झाली होती, नेहमी किती दिवसांच्या अंतराने येते, मध्यंतरी मुलगी आजारी होती काय, एवढा साधा तपशील कोणापाशीही नसतो. पुष्कळदा तिच्यापाशीही नसतो. पाळीची तारीख ही ज्या स्त्रीची आहे तिच्याच ताब्यात असावी, ती तिने लिहून ठेवावी, आणि ती कोणाला सांगायची हे तिनेच ठरवावे, हे मला आज प्रथम सांगावयाचे आहे. पुढील सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

आता मोजण्याची रीत. पाळीचा हिशेब रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत धरावयाचा असतो. आपल्याकडील कितीतरी बायका डोक्यावरून पाणी घेतल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि त्यामुळे चार-पाच दिवसांची तफावत आरंभीच पडते. दुसरी समजूत अशी, की पाळी दरमहा त्याच तारखेला आली पाहिजे. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असलेल्या निरोगी स्त्रीला वर्षात बारा नव्हे, तेरा पाळ्या येतात, आणि भिंतीवरच्या ‘कालनिर्णया’त पाहिले तर तिची तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकत जाते, हे सरकणे म्हणजे विकार नव्हे. उलट, पस्तीस दिवसांचे चक्र असलेली स्त्री प्रत्येक महिन्यात आपली पाळी लांबली असे समजून घाबरते. प्रौढ स्त्रीत चोवीस ते अडतीस दिवसांच्या दरम्यान येणारी पाळी वैद्यकशास्त्र स्वाभाविक मानते, आणि एकाच स्त्रीच्या निरनिराळ्या महिन्यांत आठवडाभराचा फरक पडणे हेही स्वाभाविकच मानते. वयात आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तर मुलीचे चक्र पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबले तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण मेंदू आणि बीजकोश यांची घडी त्या काळात अजून बसावयाची असते. मुलगी वयात आली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाळी आली नाही म्हणून तिला अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे नेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांची माया खरी होती, माहिती तेवढी त्यांना कोणी दिली नव्हती.

ही घडी बसते कशी, ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथून ठराविक अंतराने निघणारा रासायनिक संदेश त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीस पोचतो, ती ग्रंथी दोन हार्मोने रक्तात सोडते, आणि त्यांच्या हुकुमाने बीजकोशातील एक बीज पिकू लागते. पिकत्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन निर्माण करतात व त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज सुटले, की त्याच्या रिकाम्या कोषातून प्रोजेस्टेरॉन निर्माण होते. ते अस्तराला गर्भधारणेसाठी सिद्ध करते. गर्भ राहिला नाही तर हा कोष सुमारे दोन आठवड्यांत आपोआप विरून जातो, त्याचे हार्मोन थांबते, अस्तर सुटते, आणि पाळी येते. या क्रमातील एक सत्य जपानातील ओगिनो यांनी १९२४ च्या सुमारास व त्यानंतर लवकरच ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी स्वतंत्रपणे मांडले. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ जवळजवळ ठरलेला, बारा ते सोळा दिवसांचा असतो. कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा, म्हणजे बीज पिकण्याचा काळ. हावड्याकडून येणारी गाडी आपल्या वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर दोन तास उशिरा आली, तर तो उशीर स्थानकाच्या फलाटावर झालेला नसतो, मागे कोठेतरी झालेला असतो. पाळीचेही तसेच आहे. आज पाळी लांबलेली दिसते, तिचे कारण तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या दिवसांत शोधावे लागते, आणि ते शोधावयाचे तर त्या दिवसांची नोंद हवी.

याचे एक उदाहरण देते. पवनी तालुक्यातील एक बाई पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली. पाळी चुकली, दिवस गेले असावेत, घरात दोन लेकरे आहेत, आता तिसरे नको, अशी तिची कैफियत होती. आणि जाऊबाईने कोठूनशा आणवलेल्या गोळ्यांची पुडी तिच्या पदरात बांधलेली होती. तारीख तिला सांगता येईना. मग सणावारांनी हिशेब मांडला. शेवटची पाळी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आली होती, हे तिला उपासावरून पक्के आठवत होते. एरवी तिचे चक्र तीस दिवसांचे. रोवणी चालू असताना, आषाढाच्या वद्य पक्षात, तिला थंडी वाजून ताप आला; ऐन हंगामात ठेक्याच्या टोळीतली बाई घरी बसत नाही, म्हणून उतरत्या तापातही ती दिवसभर वाकून बांधीतल्या चिखलात पऱ्हे रोवीत राहिली, आणि नागपंचमीपर्यंत तिच्या तोंडाला चव नव्हती. ज्या दिवसांत बीज पिकून सुटावयाचे तेच नेमके हे दिवस होते. लघवीची तपासणी केली, गर्भ नव्हता. ती पुडी घेऊ नको, आठवडाभर थांब, पाळी न आल्यास पुन्हा तपासू, असे मी तिला सांगितले. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी पाळी आली. मागे मोजले तर बीज सुटले ते राखीपौर्णिमेनंतर, अंगात थोडी ताकद परतल्यावर. शरीराने बीज पिकविणे तापाच्या दिवसांत तहकूब ठेवले होते आणि ते बरे होताच पुन्हा सुरू केले; त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर रक्तस्रावाचे एक नवेच दुखणे मात्र उभे राहिले असते.

पाळी लांबली, की गर्भाची शक्यता सर्वांत आधी तपासावी, मग बाकीचा विचार करावा. या क्रमात बदल करू नये, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लघवीवरून गर्भ ओळखण्याची ‘निश्चय’ नावाची चाचणी आशाताईकडे मोफत मिळते. सकाळची पहिली लघवी घ्यावी, आणि निकाल नकारार्थी आला तरी पाळी न आल्यास आठवड्याने चाचणी पुन्हा करावी, कारण बीजच उशिरा सुटले असेल तर गर्भ असूनही पहिली चाचणी चुकू शकते. गर्भ नको असल्यास त्यासाठी १९७१ पासून कायदा आहे, २०२१ साली तो अधिक उदार झाला आहे, आणि कायद्याने स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. तेव्हा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांच्या वाटेला जाण्याचे कारण उरत नाही. एक धोका मात्र असा आहे की ज्याला उशीर चालत नाही. पाळी काही आठवडे चुकलेली असून ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल, थोडे थोडे लाल दिसत असेल, भोवळ येत असेल किंवा खांद्यात दुखत असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत रुजल्याची शक्यता असते. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्त साठून काही तासांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी रात्र असो, पाऊस असो, वैनगंगेला पूर असो, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी महिनोन्‌महिने येत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, ते केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी मुळीच परतली नसेल, तर गर्भ राहण्याचा संभव फार थोडा असतो. या तीन अटींतली एक जरी सुटली तरी भरवसा सुटतो, कारण बीज पाळीच्या आधी सुटते, आणि पाळी न दिसताच पुन्हा दिवस राहिलेल्या बायका प्रत्येक गावात सापडतात. सरकारी योजनेतील ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी यांनीही पाळी लांबते वा बंद होते. साठलेले रक्त डोक्यात चढते ही भीती निराधार आहे, कारण अस्तर जाड होतच नाही, मग साठणार काय? इंजेक्शन देणाऱ्याने हे आधी समजावून सांगितले असते तर कित्येक बायकांनी ते मध्येच सोडले नसते. थायरॉईडचा दोष, दूध उतरविणाऱ्या प्रोलॅक्टिन हार्मोनाची वाढ, मानसिक आजारावरची काही औषधे, हीही कारणे रक्ताच्या साध्या तपासणीने कळतात व उपचारांना दाद देतात. सणासुदीला, विशेषतः आपल्याकडच्या महालक्ष्म्यांच्या वेळी, पाळी पुढे ढकलण्यासाठी ज्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात त्या क्वचित, आणि डॉक्टरला विचारून, घेतल्यास सहसा अपाय करीत नाहीत. पण वर्षातून चार-सहा वेळा घेऊन मग पाळी अनियमित झाली म्हणून येणाऱ्या बाईच्या तक्रारीचे निदान करणे कठीण होऊन बसते. देवाला पाळीची अडचण होते असे मला वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांच्या श्रद्धेशी मला वाद घालावयाचा नाही. परंतु त्या श्रद्धेची किंमत सुनेच्या शरीराने मोजावी, हा न्याय नव्हे.

उपासमार आणि पाळी यांचा संबंध दुसऱ्या महायुद्धाने जगापुढे ठसठशीतपणे आणला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने रसद तोडल्यामुळे हॉलंडच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला, तेव्हा तेथील फार मोठ्या संख्येने स्त्रियांची पाळी बंद पडली, आणि अन्न मिळू लागल्यावर बहुतेकींची परतली. जेव्हा शरीराजवळ स्वतःपुरतेही पुरेसे नसते तेव्हा मेंदू बीज पिकविण्याचे संदेश थांबवितो. आपल्या जिल्ह्यात धानाची कोठारे आहेत, हॉलंडसारखा दुष्काळ नाही. परंतु पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे साकोली-लाखनीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या ज्या मुली मी पाहते, त्यांपैकी कित्येक दोन वेळच्या भात-वरणावर दहा-बारा किलोमीटर धावतात, आणि तीन-चार महिने पाळी आली नाही तर ‘बरेच झाले, सरावात अडथळा नाही’ असे म्हणतात. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे, आणि म्हणूनच स्पष्ट सांगते, की ही पाळी थांबणे म्हणजे इस्ट्रोजेन घटणे, आणि इस्ट्रोजेन घटले की ज्या वयात हाडे भरावयाची त्याच वयात ती ठिसूळ होतात. ज्यांच्या नडगीचे हाड सरावात चिरते त्यांनी आपल्या पाळीची तारीख अवश्य आठवून पाहावी. त्यांच्या प्रशिक्षकांनी धावण्याच्या वेळेबरोबर त्यांच्या ताटाचीही चौकशी ठेवली पाहिजे; अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध आणि पोटभर भात यांत महागडे असे काही नाही.

पूर्व विदर्भाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते म्हणजे सिकलसेल. रक्तपेशींचा हा आनुवंशिक आजार भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात कितीतरी घरांत आहे. ज्या मुलीला आई व वडील या दोघांकडून हा दोष आला आहे, तिची वाढ मागे पडते, वजन भरत नाही, आणि पहिली पाळी बरोबरीच्या मुलींहून एक-दोन वर्षे उशिरा येण्याचा संभव असतो. अशी मुलगी ‘अजून शहाणी झाली नाही’ म्हणून लग्नाच्या बाजारात नाकारली जाते, वा तिच्यावर गावठी उपाय होतात, आणि तिच्या सांधेदुखीचा व वरचेवर पिवळे पडणाऱ्या डोळ्यांचा या उशिराशी असलेला धागा कोणी जोडीत नाही. पंधरा वर्षांपर्यंत पहिली पाळी आली नाही, किंवा तेरा वर्षांपर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नाही, तर मुलीला डॉक्टरकडे न्यावे हा सर्वत्र मान्य असलेला नियम आहे. आपल्या जिल्ह्यात त्या वेळी सिकलसेलची तपासणी आधी करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ च्या जुलैपासून चालू आहे. याच जोडीला क्षयाची आठवण ठेवावी. गर्भाशयाच्या अस्तराचा क्षय खोकल्यावाचून, तापावाचूनही राहतो, पाळी हळूहळू कमी करीत बंद पाडतो, आणि मूल होत नाही म्हणून नवऱ्याने टाकलेल्या बाईत तो कैक वर्षांनी सापडतो.

आता ज्या विकाराचे नाव शहरातल्या मुलींच्या तोंडी फार झाले आहे, आणि जो तुमसर-मोहाडीतही आता मुबलक दिसतो, तो म्हणजे पीसीओएस. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. यात बीजे अर्धवट पिकून अडकतात, चक्र लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरमे उठतात, कमरेभोवती वजन वाढते. मुलीला ते चेहऱ्यावरून खुपते आणि आईला लग्नावरून. वैद्याला काळजी वाटते ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. बीज न सुटल्याने प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, त्यामुळे इस्ट्रोजेनखाली अस्तर जाड होतच राहते, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर त्यात कर्करोगाचे बीज रुजू शकते. म्हणून येथे निदान तीन महिन्यांतून एकदा तरी औषधाने पाळी आणावी लागते. दुसरी गोष्ट मधुमेहाची. या मुलींना तो लवकर गाठतो. म्हणजे इंजेक्शनामुळे थांबलेली पाळी निर्धोक, आणि पीसीओएसमुळे थांबलेली धोक्याची. दिसायला दोन्ही सारख्या. कारण ठाऊक झाल्यावाचून ‘काही होत नाही’ असे कोणी कोणाला सांगू नये. यातील बऱ्याच मुलींचे वजन थोडे उतरले तरी पाळी पुन्हा मार्गावर येते, आणि त्यांना मूल होत नाही हा समजही खरा नाही. थोड्या उपचारांनी बहुतेकींना होते.

इतके सारे सुसाध्य असूनही आपल्या बायका वेळेवर का येत नाहीत, याचे उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने जगाला दिले. गडचिरोलीत राणी बंग व अभय बंग यांनी दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही उपद्रव होता, आणि यापूर्वी कधीतरी तपासणी करून घेतलेल्या केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी व्याख्या होती. झाडीपट्टीतील अबोल बायांच्या दुखण्याने ती व्याख्या जगभर बदलावयास लावली, हे ऋण वैद्यकशास्त्राने विसरता कामा नये.

अबोलपणाचा शेवट कोठे होतो ते मराठवाड्याने दाखविले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांत गर्भपिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अवाजवी असल्याच्या तक्रारी झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड, फडावर ना आडोसा ना पाणी. अशा अवस्थेत अंगावरून जास्त जाते, पाळी महिन्यात दोनदा येते, ही तक्रार घेऊन आलेल्या तिशी-पस्तिशीच्या बाईला कर्करोगाची भीती घालणे सोपे, आणि ‘कटकट एकदाची जाऊ दे’ हे तिला पटणेही सोपे. त्या बाईला मी दोष देत नाही. जिची पाळी जंतुसंसर्गाने, थायरॉईडने, गाठीने वा तांबीने बिघडली होती, तिला एक सोनोग्राफी, रक्ताची तपासणी आणि तीन महिन्यांचे औषध मिळावयास हवे होते, मिळाली सुरी. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे झिजतात, हृदयाचे संरक्षण जाते. आणि ते ठेवले तरी पुष्कळदा काही वर्षे आधीच थकतात. पुढल्या हंगामात त्याच बाईला कंबरदुखीने मोळी उचलवत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. भंडाऱ्यात ऊसतोडीची परंपरा नाही, परंतु विड्या वळणाऱ्या आणि रोवणी करणाऱ्या बायांच्या ओठांवर ‘पिशवी काढून टाका ना, बाई’ हे वाक्य मी येथेही ऐकते, आणि चाळिशीच्या आतील स्त्रीला तसा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरचे मत, शक्यतो जिल्हा रुग्णालयातील वा नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयातील, घेतल्यावाचून तिने कागदावर अंगठा उठवू नये, अशी हात जोडून विनंती करते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील प्रजननक्षम वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अंगावरून जास्त जाणे हे त्याचे एक मोठे कारण, आणि ते बायका सोसत राहतात. आठ दिवसांहून अधिक स्राव, तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागणे, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणे, जिना चढताना धाप लागणे, यांतले काहीही असेल तर ते सोसण्याचे दुखणे नव्हे. हे वेळीच ध्यानात यावे म्हणून माध्यमिक शाळांतून प्रत्येक मुलीला एक लहानशी वही द्यावी, तीत तिने पाळीचा पहिला दिवस, स्राव किती दिवस होता आणि मधल्या आजारपणाची एक ओळ एवढेच लिहावे, व ती वही तिच्या दप्तरात तिचीच राहावी, असा ठराव जिल्हा परिषदेने केला तर त्याचा खर्च एका रस्त्याच्या डागडुजीहून अधिक येणार नाही. पुरुष श्रोत्यांना माझे एवढेच मागणे आहे, की घरातील बाईने तपासणीस जायचे म्हटले तर तिच्या रोजीचा एक दिवस बुडतो तो तुम्ही आनंदाने सोसावा, आणि तारीख मात्र विचारू नये.

राहिली गोष्ट उतारवयाची. सुश्रुताने रजःकालाची मर्यादा बारा ते पन्नास वर्षे सांगितली आहे, आणि ती आजही फारशी चुकीची ठरलेली नाही. आपल्याकडच्या स्त्रियांची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. जाण्यापूर्वी चार-पाच वर्षे ती मनमानी वागते, कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, आणि घरातले म्हणतात की बाईचा स्वभाव बदलला. तिला त्या काळात थोडी विश्रांती, कॅल्शियम आणि समजून घेणारे माणूस हवे असते. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर मात्र ती नैसर्गिक निवृत्ती समजून स्वस्थ बसू नये. बीजकोश अकाली थकल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यावर औषध घ्यावे लागते. आणि सलग बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी गेलेली पाळी परतली असे मानून कोणीही थांबू नये. कित्येकदा कारण किरकोळ निघते. पण गर्भाशयाचा कर्करोग ज्या अवस्थेत पुरता बरा होतो, त्या अवस्थेत तो बहुधा एवढीच खूण दाखवितो, म्हणून साठीची आजी असली तरी तिला त्याच आठवड्यात तपासणीस आणावे.